दोर धरून मागे

होड्या वर ओढून घेतल्या की आमच्या किनाऱ्याचा वास बदलतो. मासळीचा वास हळूहळू विरतो आणि त्याच्या जागी डांबराचा, भिजलेल्या सुंभाचा, होड्यांवर घातलेल्या माडाच्या झापांचा वास येतो. सरकारी कागदावर ही मासेमारीची पावसाळी बंदी असते. आमच्या आचऱ्यात तिला नुसती ‘बंदी’ म्हणतात. बंदी लागली, बंदी सुटली, बंदीत उधार मागू नको, बंदी सुटल्यावर बघू. वर्षातले हे दोन महिने माणसं समुद्राकडे पाठ करून बसतात आणि तरी दर थोड्या वेळाने मान वळवून त्याच्याकडे बघतात.

तिठ्यावर माझं होड्यांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बंदीत गिऱ्हाईक नसतं. समोर पाणी वाहतं, पत्र्यावर पाऊस वाजतो आणि मी काउंटरवर हात ठेवून बसतो. यंदाही बंदी लागली, तसा तो तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. तो दरवर्षी येतो. आनंदाचा आहे म्हणून येतो आणि त्यात माझं काही देणं राहिलंय म्हणूनही येतो. मी शिकवलेला भूषण आज देशाच्या बॉक्सिंग संघात आहे, परदेशातल्या स्पर्धेत खेळून आला आहे, गावात त्याचा मोठा फलक लागला आहे. फलकावर त्याच्या शेजारी माझाही फोटो आहे. त्या फलकाखालून जाताना मी छत्री जरा खाली घेतो.

फौजेत असताना मी बॉक्सिंग करायचो. माझी उंची पाच फूट तीन इंच. बुटक्या माणसाला रिंगमध्ये एकच रस्ता असतो: वाकायचं, समोरच्याच्या हाताखालून आत शिरायचं आणि पोटात मारत राहायचं. मला तेवढंच येत होतं आणि तेवढ्यावर मी बऱ्यापैकी लढलो. नोकरी संपवून गावी आल्यावर रापणीच्या मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी ठेवतात त्या लांब खोपीत, मी पोरांना शिकवायला लागलो. वाळूने भरलेली दोन पोती आढ्याला टांगली. रिंगच्या जागी चार खांब आणि जुना दोर.

त्या मांगराच्या दारातून भूषण पहिल्यांदा आत आला, तेव्हा आधी त्याचं डोकं आलं आणि बऱ्याच वेळाने बाकीचा आला. गावच्या रापणीचा म्होरक्या बाबल, त्याचा हा एकुलता मुलगा. वय सोळा, उंची तेव्हाच सहा फुटांच्या आसपास आणि अंगावर मांस असं नाहीच. गावात त्याला ‘माड’ म्हणायचे. वजनाच्या काट्यावर उभा केला तर फेदरवेटमध्ये, म्हणजे सत्तावन्न किलोच्या आतल्या गटात, आरामात बसला. त्या गटातली इतर मुलं त्याच्या खांद्याला लागायची.

आमच्याकडची घरं पावसासाठी बांधलेली. पडवीचं छप्पर इतकं खाली उतरवलेलं असतं की साध्या उंचीच्या माणसालाही आत जाताना मान लववावी लागते. भूषण अशाच घरात वाढला. घरात वाकायचं, मांगरात वाकायचं, एसटीत वाकायचं, देवळाच्या मंडपातही वाकायचं. उघड्यावर आला तरी त्याची पाठ सरळ व्हायची नाही. आपण जास्त जागा घेतो याची माफी मागत असल्यासारखा तो चालायचा. शहाण्या शिक्षकाने आधी त्याची पाठ सरळ केली असती. मी त्याला आणखी वाकवलं.

“खाली! आणखी खाली! आत शिर!” मी ओरडायचो. “मागे नको, फुडे!”

तो बिचारा गुडघे मुडपून, लांब हात छातीशी दुमडून, कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायला निघालेल्या बगळ्यासारखा पुढे जायचा आणि मार खायचा. मी म्हणायचो, अजून वाकला नाहीस.

एकदा त्याने मला फोनवर एका मेक्सिकन बॉक्सरची लढत दाखवली होती. मांगराच्या एकाच खांबाजवळ नेटवर्क येतं, तिथे आम्ही दोघं उभे होतो. तो बॉक्सरही फेदरवेट आणि असाच भलता उंच. तो ताठ उभा राहून डावा हात लांबवायचा, एक पाऊल मागे सरायचा, पुन्हा हात लांबवायचा. समोरचा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

“चाचा, ह्यो बगा,” भूषण म्हणाला. “माझ्यासारखोच माड. पण ह्यो वाकणा नाय.”

“तो मेक्सिकोचो,” मी म्हणालो. “थंयची घरां उंच असतली.”

सगळी पोरं हसली. भूषणही हसला आणि त्याने फोन खिशात घातला. मला स्वतःचा विनोद दिवसभर आवडला होता.

तीन वर्षं अशी गेली. राज्याच्या निवड चाचणीत तो दोनदा पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्या वर्षी मे महिन्यात गोव्यातल्या एका स्पर्धेत त्याची भुवई फाटली. परत आलो, तेव्हा त्याची आई, शालन वयनी, अंगणात सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, गोळा करत होत्या. त्यांनी मुलाच्या डोळ्यावरचे टाके पाहिले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “वाकलो नाय, वयनी. सांगलंय तसो वाकलो असतो तर लागला नसता.” भूषण माझ्या शेजारीच उभा होता. पडवीत शिरताना तो नीट वाकला.

बाबल माणूस कमी शब्दांचा. त्याने त्या संध्याकाळी माझ्या दुकानासमोर उभं राहून सांगितलं, “हनीफभाय, समुद्र उघडेपर्यंत झील तुझो. मगे माझो. मुंबैच्या नोकरेक तो जावचो नाय, मुठींनी पोट भराचा नाय. रापणीक हात होये.”

म्हणजे नारळी पौर्णिमा. तिच्या आधी एकच निवड चाचणी होती, घाटावर. ती जिंकला तर राष्ट्रीय शिबिरात जागा. हरला तर भूषण रापणीत, आणि हातमोजे मांगरात खिळ्याला. बाबलचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. रापण ओढायला माणसं मिळेनाशी झाली होती, हे मीही बघत होतो.

त्यानंतर दोन दिवसांनी वर्षातली शेवटची रापण लागली. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा ते दोर ओढत जातात. ओढताना तोंड समुद्राकडे आणि पावलं मागे. सगळ्यात मागचा माणूस वाळूच्या वरच्या टोकाला पोचला की दोर सोडतो, पाण्याशी येतो आणि पुन्हा पुढचा दोर पकडतो. दोन-तीन तास असं मागे मागे चालायचं, तेव्हा जाळं येतं.

मी लहानपणापासून रापण बघत आलो होतो. त्या दिवशी गर्दीपासून जरा लांब, उलट्या घातलेल्या होडीवर बसून बघत होतो. डोक्यात भूषणचे टाके होते. आणि भूषण समोरच दोर ओढत होता.

तो ताठ उभा होता. आकाशाखाली त्याला कुठलंच छप्पर लागत नव्हतं. अंग किंचित मागे टाकलेलं, नजर लाटेवर, डावा हात दोरावर लांब पुढे. मागचं पाऊल वाळू चाचपायचं, टेकायचं, मग पुढचं त्याच्याकडे सरकायचं. पायाखाली खळगा आला, मेलेला मासा आला, कुणाची चप्पल आली, तरी तो मागे बघत नव्हता. पावलांनाच दिसत असल्यासारखं चाललं होतं. लाटेने जाळं ओढलं की तो तसूभर पुढे यायचा, लाट सैल पडली की दोन पावलं घ्यायचा. ओढ त्याच्या बोटांतून टाचेपर्यंत कळत होती.

फोनवरचा तो मेक्सिकन हेच करत होता. ज्या पोराला वयाच्या दहाव्या वर्षापासून मागे जात जात मोठी ओढ सांभाळता येत होती, त्याला मी तीन वर्षं ‘मागे नको’ म्हणून ओरडत होतो. फौजेत मला कुणीतरी सांगितलं होतं की मागे सरतो तो भेकड. ते मी गावात आणलं. आणि ज्या गावाचं पोट मागे चालून भरतं, त्या गावात उभं राहून शिकवलं.

दुसऱ्या दिवशी बंदी लागली. मांगरात मी भूषणला म्हणालो, “आज वाकाचा नाय.”

“मगे?”

“रापण ओढतंस तसो उभो रव. आणि मागे जा.”

“चाचा, खरां सांगतास?”

“खरां. आणि तो मेक्सिकोचो परत दाखव माका.”

त्याने फोन काढला. टोमणा मारायची संधी होती, ती त्याने सोडून दिली. मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो पावसाळा मला आवाजांत आठवतो. कौलांवरून गळणारं पाणी खाली ठेवलेल्या डब्यात पडायचं आणि त्या तालावर भूषणचे पाय वाजायचे. मी त्याच्या कमरेला रापणीचा जुना दोर बांधायचो, दुसरं टोक मी आणि बाकीची पोरं धरायचो, आणि तो आम्हाला ओढत मागे जायचा, जाता जाता डावा हात सटकन पुढे टाकायचा. पाऊस उघडला की किनाऱ्यावर. ओली वाळू, खवळलेलं मातकट पाणी, लाटांबरोबर आलेली लाकडं, आणि त्यातून उलटा पळणारा एक माड. गावातली माणसं छत्र्या धरून बघायला यायची. “हनीफभाय, पोरगो खंयच्या बाजून चललो तां तरी तेका सांगा!” असं कुणीतरी ओरडायचं. बगळा मात्र बगळ्यासारखा दिसायला लागला होता. पाण्यात उभा असतो तसा. शांत, लांब आणि एकदम झडप.

आता जे सांगायचं ते मला जड जातं. एकोणीस वर्षांचं, सहा फुटांच्या वर गेलेलं शरीर सत्तावन्न किलोत ठेवायचं, तर त्याला पोटभर जेवू घालता येत नाही. वरच्या गटात न्यावं तर तिथली मुलं त्याच्यापेक्षा फार भरलेली, आणि त्याच्या हाती एकच संधी. मी शालन वयनींकडे गेलो आणि भात कमी वाढायला सांगितलं. उकड्या तांदळाचा भात, तोही बंदीत, जेव्हा ताज्या मासळीचं नाव नसतं आणि भात आणि भाजलेला सुका बांगडा एवढंच ताटात असतं. एका आईला मी ते सांगितलं.

“हनीफभाय,” त्या म्हणाल्या, “माझ्या झिलाक तुमी सुकवतास काय बांगड्यासारखो?”

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “किती कमी ता सांगा. वाटी दाखवा.”

मी वाटी दाखवली. पुढे एकदा दुपारी काही निरोप घेऊन गेलो, तेव्हा दोघं मायलेक जेवत होती. दोघांच्याही ताटात तेवढाच भात होता. बाबल बाजूला नीट जेवत होता आणि बायकोच्या ताटाकडे बघत नव्हता. मी उंबऱ्यावरूनच परत फिरलो. घरी आल्यावर माझी बायको म्हणाली, “जेवतास ना?” मी ताटातला अर्धा भात परत काढायला लावला.

आता शिबिरात त्याच्या खाण्याकडे बघायला जाणती माणसं आहेत. यंदा ते त्याला वरच्या गटात नेणार आहेत, असं त्याने परवा फोनवर सांगितलं. “चाचा, आता मी जेवतंय,” तो म्हणाला. एवढंच वाक्य. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. तरीही मला कधी कधी वाटतं, की त्या वयात त्याच्या हाडांना जे लागत होतं ते मी दिलं नाही. तो जिंकला म्हणून ते बरोबर ठरतं का? मांगरात आता बरीच पोरं येतात, दोन पोरीही येतात. एकाचंही वजन मी कमी करायला लावत नाही. जो ज्या गटात बसेल त्या गटात लढेल. एवढं शिकलो आहे.

चाचणीला आम्ही कणकवलीहून एसटीने घाट चढलो. घाटात धुकं होतं. भूषण खिडकीशी बसला होता, गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतलेले. त्याने पाणीही बेताने प्यायलं होतं. तो म्हणाला, “चाचा, तुमी आरडू नका हां. मी मागे गेलंय काय तुमी आरडतास.” मी शपथ घेतली.

समोरचा मुलगा घाटावरचा, गट्टू, खांद्यांवर मान नाहीच असा. म्हणजे थेट माझ्यासारखा. घंटा झाली आणि तो डोकं खाली घालून भूषणवर धावला. भूषण मागे सरला. हात लांबवला, लागला. पुन्हा मागे. पुन्हा हात. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, “अरं, पळतंय बघ बांबू!” हशा झाला. माझ्या घशात ‘फुडे’ असं आलंच होतं. मी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, दात दुखतोय का. मी मान डोलावली.

दुसऱ्या राउंडला हशा थांबला. भूषणचा पाय दोराशी, म्हणजे रिंगच्या दोराशी, पोचायचा आणि न बघता वळायचा. पाठ टेकायची नाही. तो गट्टू मुलगा हवेत मारत होता आणि दर वेळी त्याच्या कपाळावर तो लांब डावा हात येऊन बसत होता. मला त्या मुलाचीही दया आली. आपल्या हाताच्या टप्प्याबाहेर कुणी सतत उभं असलं की कसं वाटतं ते मला माहीत होतं. तिसऱ्या राउंडला तो थकून उभा राहिला, तेव्हा भूषण पहिल्यांदा एक पाऊल पुढे गेला. ते पाऊल मी शिकवलेलं नव्हतं.

पंचांनी त्याचा हात वर केला, तेव्हा तो हात कुठच्या कुठे उंच गेला. बुटके पंच टाचा वर करून उभे होते. पुढच्या दोन दिवसांत अजून दोन लढती झाल्या. दोन्ही त्याने तशाच जिंकल्या. माझ्या टॉवेलची एक कड चावून चावून फाटली होती. भूषण रिंगमधून उतरून माझ्याकडे आला आणि मी काही म्हणायच्या आत त्याने विचारलं, “हंय भात खंय मेळतलो?”

गावी आलो. बाबल मांगरात जाळं शिवत बसला होता. तोंडात सुतळीचं टोक होतं, ते त्याने काढलं नाही.

“जिकलो,” मी म्हणालो.

“आयकलंय.”

“पुढच्या आठवड्यात कॅम्पाक जावचा आसा.”

बाबलने गाठ मारली, सुतळी दाताने तोडली. “तू सांगलंस ता केलंस. मी बोललंय ता मी मोडूचंय नाय. जावंदे तेका.” मग जाळ्याकडे बघत तो म्हणाला, “रापणीक एक हात कमी.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, “मी येतंय.”

बाबलने पहिल्यांदा वर पाहिलं. मला पायापासून डोक्यापर्यंत मोजायला त्याला फार वेळ लागला नाही. “तू?” तो म्हणाला. “तू दोर ओढतलंस, काय दोर तुका ओढतलो?”

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला. भूषण त्याच्या आदल्या दिवशीच निघाला होता. पुढे पाणी निवळलं तशी पहिली रापण लागली आणि मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा दोर धरला. वाळूत मागे चालणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. दोनदा बसकण मारली. रांगेतला म्हातारा दाजी म्हणाला, “हनीफभाय, दोर धरल्यात की दोराक लोंबकळल्यात?” तळहात सोलले, खारं पाणी त्यात झोंबत राहिलं. पण जाळं आलं. फार काही नव्हतं. तारली, थोडे बांगडे, चार सौंदाळे. वर्षाची पहिली मासळी वाळूवर चमकत होती आणि पोरं आणि कावळे एकदमच धावत आले होते.

मग वाटे पडले. रापणीत मासळीचे ढीग लावतात, ज्याचा त्याचा एक. घरी बसला त्याला वाटा नाही, मग तो म्होरक्याचा मुलगा का असेना. फक्त रापणीच्याच कामासाठी कुणी बाहेरगावी गेला असेल, दोर आणायला, जाळं आणायला, तर त्याचा ढीग पडतो आणि घरचं माणूस तो उचलतं. हा नेम जुना आहे. त्यावरून पूर्वी भांडणंही झाली आहेत. बाबल खाली बसून ढीग लावत होता आणि सगळे गोल उभे राहून बघत होते.

“बाबल,” दाजी म्हणाला, “चुकलंस मरे. एक वाटो जास्त झालो.”

“चुकाक नाय.”

“सगळ्यांचे झाले. हनीफभायचोय झालो. मगे ह्यो कोणाचो?”

“भूषणाचो.”

मी सोललेल्या हातांकडे बघत होतो. दाजी म्हणाला, “तो खंय आसा?”

बाबल पुढचा ढीग सारखा करत होता. त्याने मान वर केली नाही.

“कामार गेलो हा,” तो म्हणाला.

शालन वयनी पाटी घेऊन पुढे आल्या. दाजी खाली वाकला, आपल्या ढिगातला एक मोठा बांगडा उचलला आणि त्याने तो भूषणच्या वाट्यावर नेऊन ठेवला.